लाकडी पॅलेट निर्यातीला पाठवण्याआधी: आयएसपीएम १५ ची तपासणी

आयएसपीएम १५ म्हणजे लाकडी पॅकिंगमधून कीड दुसऱ्या देशात पसरू नये म्हणून केलेला आंतरराष्ट्रीय नियम. कंटेनर भरण्याआधीच पॅलेट तपासा; भरल्यावर त्याचे शिक्के दिसत नाहीत. शिक्का शक्यतो किमान दोन समोरासमोरच्या बाजूंवर हवा. त्यात हे असते: ओंबीचे चिन्ह, देशाचा कोड (भारतासाठी 'आयएन'), उत्पादकाचा क्रमांक आणि प्रक्रियेचा कोड. 'एचटी' म्हणजे उष्णता, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. हाताने काढलेला किंवा पुसट शिक्का चालत नाही. लाल-नारिंगी रंग टाळा. ते धोकादायक मालाच्या लेबलांचे.

उष्णता-प्रक्रियेत लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे राहायला हवे. घोळ इथेच होतो. भट्टीतली हवा ५६ ला पोचली की वेळ मोजायला सुरुवात होते, पण जाड ठोकळ्याचा गाभा अजून थंडच असतो. म्हणून सेन्सर सर्वांत जाड तुकड्याच्या गाभ्यात, भट्टीतल्या सर्वांत थंड जागी बसवा आणि भोक नीट बुजवा. नाहीतर गरम हवा आत शिरून आकडा खोटा येतो.

सालीची पट्टी ३ सेंमीपेक्षा अरुंद असेल तर लांबी कितीही चालते. त्याहून रुंद असेल तर सालीच्या त्या तुकड्याचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंमीच्या आत हवे. सालीखाली भुंगेरे प्रक्रियेनंतरही पुन्हा घर करतात.

दुरुस्तीत एक तृतीयांशाहून जास्त लाकूड बदलले, तर जुने शिक्के कायमचे काढून पुन्हा प्रक्रिया करावी लागते. प्लायवूडला सूट आहे. माल हलू नये म्हणून ठोकलेल्या कच्च्या लाकडाच्या ओंडक्यांना मात्र नाही, आणि नेमके तेच बिनशिक्क्याचे आत जातात.