शिंपल्याच्या मापावरून मांसाचे वजन काढताना या चुका टाळा

खाद्य शिंपल्यांचे कवच एकदा वाढले की आकसत नाही, आतले मांस मात्र ऋतूनुसार भरते आणि ओसरते. प्रजननकाळाच्या आधी जननग्रंथी भरल्याने ते जड होते, तर अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडून झाल्यावर त्याच लांबीच्या शिंपल्यात ते लक्षणीय घटलेले आढळते. म्हणून एकाच महिन्याच्या नमुन्यावर बसवलेले, लांबीवरून मांसाचे वजन सांगणारे सूत्र वर्षभर वापरणे ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे. नमुने दरमहा घ्यावेत आणि निदान प्रजननापूर्वीचे व नंतरचे समीकरण वेगळे ठेवावे.

मापातली गफलत बहुधा नावांपासून सुरू होते. लांबी म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचे सर्वाधिक अंतर, उंची म्हणजे बिजागरीजवळच्या टोकापासून समोरच्या कडेपर्यंतचे अंतर आणि जाडी म्हणजे दोन्ही झडपा (कवचाचे दोन अर्धे भाग) मिटलेल्या असतानाचा फुगवटा. गोलसर शिंपल्यात लांबी आणि उंची यांची सहज अदलाबदल होते. वजन साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ३० मिमीच्या शिंपल्याचे माप १ मिमीने जास्त घेतले गेले, तरी वजनाचा अंदाज सुमारे १० टक्क्यांनी फुगतो. कॅलिपरचे (माप घेण्याच्या चिमट्यासारख्या साधनाचे) शून्य रोज तपासण्याचा कंटाळा करू नये.

वजनकाट्याजवळ चूक होते ती पाण्याची. झडपा धरून ठेवणारे दोन्ही स्नायू सुरीने कापताच आतले पाणी निथळते. ते पुरते गळू द्यावे, मांस टिपकागदावर हलकेच टिपावे आणि झडपेला चिकटून राहिलेला स्नायूचा तुकडाही खरवडून त्यात मिळवावा. उरलेल्या पाण्याचा वाटा लहान शिंपल्यात तुलनेने मोठा असतो, त्यामुळे लहानांची वजने फुगतात आणि समीकरणाचा घातांक (वजन लांबीच्या कितव्या घाताच्या प्रमाणात वाढते तो आकडा) खाली येतो. घातांक ३ च्या आसपास न येता २ च्या खाली गेला, तर आधी इथेच शंका घ्यावी. त्यानंतर नमुन्यातील लांबीची व्याप्ती फार अरुंद तर नव्हती ना, हे पाहावे. वाफवलेल्या मांसातून पाणी निघून गेलेले असते, त्यामुळे कच्च्या आणि वाफवलेल्या मांसाची वजने एका तक्त्यात मिसळू नयेत. शक्य असेल तर स्थिर वजन येईपर्यंत वाळवून कोरडे वजनही नोंदवावे.

गणितातली एक चूक जाणकारांकडूनही होते: सरासरी लांबी सूत्रात घालून सरासरी वजन काढणे. २० मिमी आणि ४० मिमीचे दोन शिंपले घ्या. सरासरी लांबी ३०, तिचा घन २७,०००. पण ८,००० आणि ६४,००० या दोन घनांची सरासरी ३६,००० येते, म्हणजे उत्तर एक चतुर्थांशाने कमी पडले. प्रत्येक शिंपल्याचे वजन वेगळे काढून मगच सरासरी घ्यावी. लांबी आणि वजन यांचे लॉगरिदम घेऊन बसवलेली रेषा पुन्हा ग्रॅममध्ये आणतानाही अंदाज थोडा कमीच येतो, त्यासाठीची दुरुस्ती बहुतेक जण विसरतात.

सूत्र २५ ते ४५ मिमीच्या नमुन्यांवर बसवलेले असेल, तर ते ५५ मिमीच्या शिंपल्याला लावू नये. दाट वस्तीत वाढलेले आणि विरळ वस्तीत वाढलेले शिंपलेही आकाराने वेगळे असू शकतात, त्यामुळे दुसऱ्या जागेचे समीकरण जसेच्या तसे उचलण्याआधी आपल्या जागेचे किमान काही डझन शिंपले स्वतः उघडून वजन करून पाहावेत.