न्यूमोनियाची लक्षणं घरी कशी ओळखावीत: एक मिनिट श्वास मोजा

मूल खोकायला लागलं की घरातली मोठी माणसं आधी खोकल्याचा आवाज ऐकतात, मग कपाळाला हात लावतात. पण साध्या सर्दीतही ताप १०२ पर्यंत चढतो आणि मूल खोकून बेजार होतं. न्यूमोनिया वेगळा ओळखायचा तर मुलाचा श्वास बघावा लागतो. या आजारात फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत पू आणि पाणी साठतं, रक्ताला ऑक्सिजन कमी पडतो आणि ती तूट भरून काढायला शरीर श्वासाचा वेग वाढवतं. हा वाढलेला वेग कोणालाही मोजता येतो.

मी हे ठामपणे म्हणतो, कारण आपल्याच राज्यात ते करून दाखवलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुइणींना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि लगेच औषध द्यायला शिकवलं. ज्या सुइणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी असलेलं साधं उपकरण बनवलं. तिथले न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू बरेच कमी झाले आणि तो अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्या सुइणींना जे जमलं, ते हातात मोबाइल असलेल्या आईबापांना नक्की जमेल.

१. मूल शांत होऊ द्या

रडताना, दूध पिताना किंवा नुकतंच खेळून आल्यावर मोजलेला आकडा उपयोगाचा नाही. झोपलेलं किंवा आईच्या मांडीवर निवांत पडलेलं मूल सगळ्यात चांगलं. नाक चोंदलं असेल तर सलाइनचे थेंब घालून आधी ते मोकळं करा. नाकातल्या शेंबडाने होणारी घुरघुर घरभर ऐकू येते आणि सगळे घाबरतात. उलट न्यूमोनियाचं मूल कधी कधी फारसा आवाज न करता भराभर श्वास घेत पडलेलं असतं आणि ‘दमून झोपलंय’ म्हणून दुर्लक्ष होतं.

२. झबलं वर करा आणि पूर्ण मिनिट मोजा

उजेडात पोट आणि छातीचा खालचा भाग उघडा करा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. बाळांचा श्वास एकसारखा चालत नाही, त्यामुळे अशा हिशेबात मोठी चूक होते. एकाने घड्याळ बघावं, दुसऱ्याने मोजावं.

जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले आणि आपल्याकडच्या आशाताईंनाही शिकवले जाणारे आकडे असे:

- २ महिन्यांपेक्षा लहान बाळ: मिनिटाला ६० किंवा जास्त
- २ महिने ते १ वर्ष: ५० किंवा जास्त
- १ ते ५ वर्षं: ४० किंवा जास्त

खोकला किंवा श्वासाचा त्रास आहे आणि आकडा इथपर्यंत पोचला, तर न्यूमोनिया समजून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तापानेही श्वास वाढतो. म्हणून २ महिन्यांवरच्या मुलाला ताप असेल आणि बाकी ते खातंपितं, हसतं असेल, तर डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेलं पॅरासिटामॉल देऊन ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. आकडा तरीही वरच असेल तर थांबू नका.

३. छाती आत ओढली जातेय का ते बघा

आपल्याकडे ‘बाळाचं पोट उडतंय’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. एरवी श्वास घेताना छाती आणि पोट दोन्ही बाहेर येतात. त्रास वाढला की श्वास आत घेताना बरगड्यांचा खालचा भाग आत जातो आणि तिथे खळगा पडतो. मूल शांत असतानाही प्रत्येक श्वासाला असं होत असेल, तर आकडा काहीही असो, दवाखाना गाठा. नाकपुड्या फुलणं आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येणं हीसुद्धा त्याच वाटेवरची लक्षणं.

४. ही लक्षणं असतील तर मोजत बसू नका

मूल दूध ओढत नाही, पाणीही पीत नाही, घेतलेलं सगळं उलटून टाकतं, झटके येतात, हलवूनही नीट जागं होत नाही, ओठ किंवा जीभ निळसर दिसते: यातलं एकही लक्षण दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालयात न्या.

२ महिन्यांच्या आतलं बाळ तर वेगळंच धरावं. त्याला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडू शकतं. ते खोकतही नाही, फक्त दूध कमी करतं आणि मलूल होतं. श्वास ६० किंवा जास्त आला तर लगेच एकदा पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर थेट रुग्णालय, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात.

मोठ्या माणसांत काय बघावं

थंडी वाजून ताप, पिवळा-हिरवा किंवा गंजाच्या रंगाचा बेडका, खोल श्वास घेताना किंवा खोकताना छातीत एका बाजूला सुरी टोचल्यासारखी कळ, जिना चढताना लागणारी नवी धाप. मोठ्या माणसाचा श्वास एरवी मिनिटाला १२ ते २० असतो. तो ३० किंवा त्याहून जास्त होणं, एक वाक्य पूर्ण बोलताना दम लागणं किंवा रक्तदाब खाली जाणं म्हणजे आजार गंभीर आहे.

म्हाताऱ्या माणसांकडे मात्र जास्त लक्ष द्या. सत्तरीतल्या आजोबांना ताप नसतो, खोकलाही जेमतेम असतो. ते जेवण सोडतात, असंबद्ध बोलतात, चालताना तोल जाऊन पडतात आणि घरातले म्हणतात, वय झालं. काल बरं असलेलं माणूस आज अचानक गोंधळलं, तर श्वास मोजा आणि डॉक्टरांना दाखवा. मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा किडनीचा आजार असणाऱ्यांनाही हेच लागू.

कोरोनापासून अनेक घरांत ऑक्सिमीटर आहे. बोट गरम आणि नेलपॉलिश किंवा मेंदी नसलेलं हवं. आकडा ९४ च्या खाली राहिला तर डॉक्टरांना लगेच कळवा, ९० च्या खाली गेला तर रुग्णालय. आकडा चांगला आहे पण श्वास भराभर चाललाय, तर श्वासावर विश्वास ठेवा.

खोकला दोन आठवड्यांपुढे गेला तर थुंकीची टीबीसाठी तपासणी करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते.

डॉक्टरकडे जाईपर्यंत

बाळाला अंगावर पाजत राहा, थोडं थोडं आणि वारंवार. ओव्याची किंवा शेणीची धुरी देऊ नका. आजारी फुप्फुसाला धूर अजून त्रास देतो, चुलीचा धूरही तसाच. नाकात गरम तेल सोडू नका आणि लहान बाळाला कापराचा बाम चोळू नका. मेळघाटात अजूनही आजारी तान्ह्यांच्या पोटावर तापलेल्या विळ्याने ‘डंबा’ म्हणजे चटके देण्याचे प्रकार होतात. त्याने न्यूमोनिया बरा होत नाही, उपचाराची वेळ मात्र निघून जाते. घरात उरलेलं अँटिबायोटिक किंवा खोकल्याचं औषधही मनाने देऊ नका.

मोजलेले आकडे वेळेसकट कागदावर लिहून न्या: ‘सकाळी ७ ला ४६, ताप उतरल्यावर ९ ला ४४, दूध निम्मं.’ बाळाच्या लसीकरणाचं कार्डही घ्या. न्यूमोनियाच्या एका मुख्य जंतूविरुद्धची न्यूमोकोकल लस आता सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. राहिली असेल तर तिथेच विचारा.

औषध सुरू झाल्यावरही मोजणं थांबवू नका. दोन दिवसांत श्वासाचा आकडा खाली यायला हवा आणि मूल खायला लागायला हवं. तसं झालं नाही तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता पुन्हा दाखवा. बरं वाटलं तरी अँटिबायोटिकचे डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा.