आधी अन्वय, मग अर्थ

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाचा विषय ठरवायची वेळ आली की स्टाफरूमच्या दाराशी दोन प्रकारची मुलं येतात. एकाला मर्ढेकर किंवा ग्रेस घ्यायचे असतात, पण 'दुर्बोध आहेत म्हणतात' म्हणून धीर होत नाही. दुसऱ्याला 'ज्याच्यावर कुणीच काम केलेलं नाही' असा कवी हवा असतो. दोघांनाही मी एकच सांगते. कविता दुर्बोध ठरते किंवा कवी दुर्लक्षित राहतो, तेव्हा बहुतेक वेळा एक साधं काम कुणीतरी करायचं राहून गेलेलं असतं. एकीकडे वाक्याचा अन्वय लावायचा, म्हणजे कोणता शब्द कोणाशी जोडलेला आहे ते बघून शब्द सरळ गद्याच्या क्रमाने मांडायचे, राहिलेला असतो, दुसरीकडे जुन्या मासिकाचा अंक उघडायचा. दोन्ही कामं शिकून येतात. त्यांना बैठक लागते.

माझ्या मार्गदर्शक बाई जुन्या वळणाच्या होत्या, मोरोपंतांच्या आर्यांचा अन्वय लावत शिकलेल्या. कविता कुठल्याही काळातली असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "कर्ता कुठाय?" आपण प्रतिमा, जाणीव, अस्तित्ववाद वगैरे बोलायला सुरुवात केली की त्या शांतपणे पुन्हा तेच विचारत. आज मी वर्गात तेच करते, आणि त्यासाठी मर्ढेकरांची सगळ्यांना माहीत असलेली ओळ घेते:

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;

'काही कविता' हा संग्रह 1947 चा. यातल्या काही कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि मर्ढेकर निर्दोष सुटले, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण पहिल्या ओळीत ओलं काय आहे, असं विचारलं की निम्म्याहून अधिक वर्ग 'उंदीर' म्हणतो. व्याकरण तसं म्हणत नाही. उंदीर ओले असते तर 'ओले उंदिर' आलं असतं. 'ओल्या' हे सामान्यरूप आहे, म्हणजे नामाला विभक्तीचा प्रत्यय लागला की त्याच्या विशेषणाचं होणारं रूप, आणि ते 'पिपांत'चं विशेषण आहे. म्हणजे अन्वय असा: ओल्या पिपांत उंदिर मेले.

इथे कुणीतरी म्हणतंच की वृत्तासाठी शब्द मागेपुढे केले असतील. मग फळ्यावर मात्रा मोजायच्या. पिपांत चार, मेले चार, ओल्या चार, उंदिर चार. सोळा मात्रांची ओळ, आणि चारही शब्द सारख्या वजनाचे. 'ओल्या पिपांत मेले उंदिर' असं लिहिलं असतं तरी मात्रा सोळाच भरल्या असत्या. वृत्ताची अडचण नव्हती. कवीने विशेषण नामापासून तोडून क्रियापदाच्या पलीकडे नेऊन ठेवलं ते जाणूनबुजून. त्यामुळे ओळीत आधी पीप येतं, लगेच मरण येतं, आणि मग ओल येते, ती कानाला उंदरांना चिकटलेली ऐकू येते आणि व्याकरणाने पिपाची असते. पीप आणि उंदीर दोघंही भिजतात. ही ओळ वाचताना जी अस्वस्थता वाटते, तिचा निदान एक भाग या तुटलेल्या अन्वयात आहे, आणि तो बोट ठेवून दाखवता येतो.

पुढची पायरीही अशीच. 'मुरगळल्याविण' आणि दोन ओळींनंतर 'आसक्तीविण'. मान पडायला कुणीतरी मुरगळावी लागते, ओठांवर ओठ यायला ओढ लागते. कविता दोन्ही घटना ठेवते आणि दोन्हींची कारणं काढून घेते. आता बाईंचा प्रश्न विचारा: या मरणाचा कर्ता कुठाय? तो कवितेत सापडत नाही. इथपर्यंत आलात की दुसरं महायुद्ध, 1943 चा बंगालचा दुष्काळ, यंत्रयुगातला माणूस यांबद्दल बोलायचा तुम्हाला हक्क आहे, कारण ते कवितेवर लादलेलं राहत नाही. शिवाय 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत उंदीर धरून मारणं हे नगरपालिकेचं नेहमीचं काम होऊन बसलं होतं, हेही विसरू नका. पीप आणि उंदीर प्रतीकं असतील, पण त्या आधी ते मुंबईतले खरे उंदीर आणि खरी पिपं असू शकतात.

मला तळमळीने सांगावंसं वाटतं ते हेच. मर्ढेकरांवर उत्तम समीक्षा आहे, विजया राजाध्यक्षांचा दोन खंडांतला अभ्यास तर प्रत्येकाने वाचायलाच हवा. पण तो आधी वाचलात तर कविता त्यांच्या डोळ्यांनी दिसते आणि मग त्यातून सुटका नसते. आधी वही घ्या, कवितेचा गद्य अन्वय स्वतःच्या हाताने लिहा, जिथे अन्वय लागत नाही तिथे खूण करा. त्या खुणा म्हणजे तुमचा अभ्यासविषय. मग समीक्षकांकडे जा आणि त्या खुणांपाशी ते काय म्हणतात ते बघा. पुष्कळदा ते तिथून काही न बोलता पुढे गेलेले असतात, आणि नवीन माणसाला बोलायला जागा तिथेच मिळते.

सगळी दुर्बोधता एका जातीची नसते, हे लवकर कळलेलं बरं. मुक्ताबाईंचा 'मुंगी उडाली आकाशीं, तिणें गिळिलें सूर्याशीं' हा अभंग कूट आहे, म्हणजे मुद्दाम घातलेलं कोडं. तिथे अन्वयात काही अडत नाही, एक एक वाक्य लख्ख आहे. अडतं ते अर्थाच्या पातळीवर, आणि किल्ली नाथपंथाच्या, योगाच्या परिभाषेत आहे. ती परंपरा न वाचता त्या अभंगावर 'अद्भुत कल्पनाविलास' म्हणून लिहिणं म्हणजे अभ्यास टाळणं. उलट ग्रेस यांच्या बाबतीत किल्ली शोधण्याच्या नादात फसगत होते. त्यांच्या चरित्रातला एखादा प्रसंग हाती लागला की अख्खी कविता त्याला टांगली जाते. 'भय इथले संपत नाही' गाणं म्हणून घरोघरी पोचलं, लोकांना पाठ आहे, ते ऐकताना कुणी दुर्बोधतेची तक्रार करत नाही. म्हणून ग्रेस घेणाऱ्यांना मी आधी कविता मोठ्याने वाचायला लावते, सलग, न थांबता. लय कुठे वळते ते कळलं की शब्द कुठे वळतात तेही दिसायला लागतं.

आणि तिसरी जात सर्वांत कठीण, कारण ती सोपी दिसते. बालकवींची 'औदुंबर' शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली. आठ ओळी, एकही अवघड शब्द नाही. झरा आहे, चार घरांचं गाव आहे, शेतमळे आहेत, पायवाट आहे. पण माणूस एकही नाही. पायवाटेवरून कुणी चालत नाही, पायवाटच 'काळ्या डोहाकडे' चालली आहे. सातव्या ओळीत 'गोड काळिमा' लाटांवर पसरतो, म्हणजे झाडाची सावली आधी येते, आणि झाड येतं ते थेट आठव्या ओळीच्या शेवटच्या शब्दात. 'पाय टाकुनी' बसण्याची माणसाची ढब त्या झाडाला मिळते. हे निसर्गचित्र आहे, मृत्यूची ओढ आहे की विरक्ती, यावर मतं आहेत आणि राहतील. मला स्वतःला तो डोह भीतीचा वाटत नाही, 'गोड' या विशेषणामुळे वाटत नाही. तुम्हाला वाटला तर त्याच आठ ओळींतून दाखवा. बालकवी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, ही हकिगत त्या डोहावर पांघरून अर्थ काढू नका, एवढीच विनंती.

आता दुर्लक्षित कवींकडे वळते.

मी जळगाव जिल्ह्यात शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या दारातलाच आहे. बालकवी धरणगावचे, मर्ढेकरांचा जन्म फैजपूरचा, बहिणाबाई असोद्याच्या. यातल्या बालकवींचा हयातीत एकही संग्रह निघाला नाही. बहिणाबाईंचा संग्रह त्या गेल्यानंतर 1952 मध्ये आला, तोही त्यांचे चिरंजीव सोपानदेवांनी त्या ओव्या टिपून ठेवल्या आणि अत्र्यांनी त्या उचलून धरल्या म्हणून. खुद्द केशवसुत 1905 मध्ये गेले आणि त्यांची कविता पुस्तकरूपाने आली ती पुढे दहा-बारा वर्षांनी, हरिभाऊ आपट्यांमुळे. म्हणजे ज्यांना आपण आज शिखरं मानतो ती नावंही कुणा एका माणसाच्या खटपटीवर तगली. ज्यांना असा माणूस मिळाला नाही ते मासिकांच्या बांधीव फाइलींत पडून आहेत. दुर्लक्ष हा गुणवत्तेचा निकाल नसतो, पुष्कळदा तो छपाईचा इतिहास असतो.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. 'स्मृतिचित्रे' सर्वांना ठाऊक. पण त्यांचे पती रेव्हरंड टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा 'ख्रिस्तायन'चे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या बाईने एक महाकाव्य पुरं केलं, आणि मराठी कवितेच्या अभ्यासक्रमात त्या कवयित्री म्हणून क्वचितच भेटतात. त्यांचं गद्य इतकं मोठं की कविता त्याच्या सावलीत गेली, आणि विषय ख्रिस्तपुराण असल्यामुळे ती चर्चच्या वाचकांपुरती मानली गेली. त्या ओव्यांची भाषा, घरातल्या बाईची नजर तिथे कशी उतरते, टिळकांचे अध्याय संपून त्यांचे सुरू होतात तिथे काय बदलतं, हा एका पीएच.डी.चा भरघोस ऐवज आहे. (बालकवी याच टिळकांच्या घरी नगरला राहिले होते आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर लिहिलेली पानं तेवढ्यासाठीही वाचा.)

शोध कसा घ्यायचा? शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची आधी उघडा. पहिला भाग 1800 ते 1937, दुसरा 1938 ते 1950. मग नियतकालिकांच्या सूची. सूचीत नाव सापडलं की ग्रंथालय गाठायचं: मुंबई आणि ठाण्याची मराठी ग्रंथसंग्रहालयं, पुण्याचं नगर वाचन मंदिर, शिवाय आपल्या तालुक्याचं जुनं वाचनालय, ज्याकडे कुणी बघत नाही. जाण्याआधी फोन करा, ओळखपत्र आणि विभागप्रमुखांचं पत्र जवळ ठेवा. एका ठिकाणी मला अंक आहे की नाही हे कळायलाच महिने लागले, कारण नोंदवहीत तो होता आणि कपाटात दुसऱ्याच नावाखाली बांधलेला होता. ग्रंथपालांशी माणुसकीने वागा. कपाटातलं त्यांना ठाऊक असतं ते कुठल्याही संगणकात नसतं. राज्य मराठी विकास संस्थेने बरीच दुर्मिळ पुस्तकं ऑनलाइन ठेवली आहेत, तीही बघा.

फोटो काढताना नुसती कविता काढू नका. मुखपृष्ठ, वर्ष, महिना, पृष्ठक्रमांक आणि शेजारचं पानसुद्धा घ्या. शेजारी काय छापलं होतं यावरून ती कविता कोणत्या वाचकांसमोर आली हे कळतं. पुढे तीच कविता संग्रहात मिळाली तर दोन्ही समोरासमोर ठेवून शब्द, विरामचिन्हं, कडव्यांचा क्रम ताडून पाहा. पाठभेदांची स्वतंत्र वही करा. कंटाळवाणं काम आहे, पण दुर्बोध वाटणारी ओळ कधीकधी निव्वळ छपाईची चूक निघते आणि तेवढ्याने तिच्यावरची चर्चा बदलते.

एक गोष्ट प्रेमाने पण स्पष्ट सांगते. सापडलेला प्रत्येक कवी मोठा नसतो. 'यांच्यावर अन्याय झाला' हे वाक्य प्रबंधाचा निष्कर्ष होऊ शकत नाही. शंभरातल्या चार कविता चांगल्या असतील तर त्या चार कोणत्या आणि का, हे लिहा. उरलेल्या त्या काळात लोकांना का आवडत होत्या, हेही लिहा. त्यात तुमची समीक्षा दिसेल.

शीर्षक ठरवताना 'अमुक यांची कविता: एक चिकित्सक अभ्यास' या साच्यात जाऊ नका. तो साचा घेतला की जीवन आणि व्यक्तिमत्त्व, आशय, अभिव्यक्ती, समारोप अशी प्रकरणं आपोआप पडतात आणि प्रश्न हरवतो. शोधगंगावर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, त्याच विषयाचे प्रबंध आधी पाहा. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांचं आधी उरका, कारण पीएच.डी.ला किमान तीन वर्षं आणि साधारण सहापर्यंत मुदत असते, त्यात नोकरीची धावपळही चालू असते. आणि पुस्तक करायचं ठरलं तर हक्कांचा विचार सुरुवातीलाच करा. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. मर्ढेकर 1956 मध्ये गेले, त्यांची कविता आता मोकळी आहे. ग्रेस 2012 मध्ये गेले, त्यांच्या अख्ख्या कविता छापायच्या तर परवानगी लागेल. समीक्षेसाठी चार ओळी उद्धृत करणं वेगळं, पूर्ण कविता परिशिष्टात देणं वेगळं.

विषय अजूनही सुचत नसेल तर 'काव्यरत्नावली' घ्या. नारायण नरसिंह फडणीसांनी 1887 मध्ये जळगावहून सुरू केलेलं, फक्त कवितेला वाहिलेलं मासिक. त्याचं कुठलंही एक वर्ष मिळवा, अनुक्रमणिकेतली सगळी नावं उतरवून काढा, आणि ज्यांचं नाव तुम्ही कधीच ऐकलेलं नाही त्यांच्या कवितांपासून अन्वय लावायला बसा.