कॅम्परमध्ये एलईडी बसवताना: बारा व्होल्ट म्हणजे बारा नव्हे

माझी ट्रॅव्हलर गाडी कॅम्पर केलेली, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी. तिच्या छताला आतून सहा जुने दिवे होते, प्रत्येकी दहा वॅटचे. साठ वॅट म्हणजे बॅटरीतून ५ अँपिअर. बामणोलीला शिवसागर जलाशयाच्या काठावर गाडी लावून चार तास दिवे जाळले की २० अँपिअर-तास संपले. १०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरायचे, आणि त्यातले वीस नुसत्या उजेडात गेले तर पंखा आणि पाण्याचा पंप चालणार कशावर? तीन-तीन वॅटचे एलईडी तेच काम ६ अँपिअर-तासांत करतात, वर छतही तापत नाही.

काम एका दुपारचं आहे. मी ते स्वतःच्या गाडीत तीनदा केलंय. तीनदा का, ते पुढे येईलच.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. जुने फिटिंग स्क्रू काढून खाली घ्या. काडीसारखा, दोन्ही टोकांना टोप्या असलेला बल्ब असेल तर प्रश्नच नाही. छोटी ट्यूब असेल तर तिच्यामागे एक डबी असते, ती बारा व्होल्टचे शेकडो व्होल्ट करते. एलईडीला ती नको, वायर डबीच्या अलीकडे कापा. ट्यूब फोडू नका, आत पारा असतो.

जुनं फिटिंग तसंच ठेवून आत फक्त एलईडी बल्ब खोचा, असं साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत कोणीही सांगेल. ऐकू नका. पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढून कासच्या धुक्यात चार रात्री काढलेल्या गाडीतलं फिटिंग उघडून बघा. पत्रा गंजलेला, स्प्रिंग ढिली, काच पिवळी पडलेली. नवा बल्ब त्यात लुकलुकणार आणि दोष बल्बला मिळणार. अख्खं फिटिंग बदला.

उजेडाचा रंग ३००० केल्व्हिनच्या आसपासचा, म्हणजे पिवळसर घ्या. ६५०० चा पांढराधोप उजेड लावला की कॅम्परचा दवाखाना होतो, आणि तळ्याकाठचे किडे त्याच्याकडे जास्त येतात.

आता खरी गोष्ट, जिच्यापायी मी दोन वेळा पैसे पाण्यात घातले.

पहिल्यांदा मी बाजारातून एलईडीची पट्टी आणली. पाकिटावर '१२ व्होल्ट' छापलेलं. घरी टेबलावर बॅटरीला जोडून पाहिली, सुरेख पेटली. छताला चिकटवली. दोन महिन्यांत तिचे तुकडे तपकिरी पडले, काही लुकलुकू लागले, काही विझले. माल खराब निघाला म्हणून दुसऱ्या दुकानातून महाग पट्टी आणली. ती चार महिने टिकली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पट्टी बाराची, बॅटरी बाराची, मग जळतीय कशी?" प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं. तोवर मी मल्टिमीटर इंजिन बंद असतानाच लावत होतो.

इंजिन चालू करून लावला तेव्हा काटा १४.३ वर. भर दुपारी सोलर चार्जर जोरात असताना १४.५. बारा व्होल्टची गाडी बारावर जवळजवळ कधीच नसते. विसावलेली, भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते आणि चार्ज होताना चौदाच्या पुढे जाते.

अडीच व्होल्टने एवढं काय बिघडतं, तर हिशोब करून बघा. साध्या पट्टीत तीन एलईडी आणि करंट अडवणारा एक रेझिस्टर अशी साखळी असते. तीन एलईडी मिळून साधारण ९.३ व्होल्ट खातात, उरलेला भार रेझिस्टरवर. बाराला तो २.७ व्होल्ट होतो, १४.४ ला ५.१. करंट ठरवतो रेझिस्टर, म्हणजे व्होल्ट वीस टक्क्यांनी वाढले तरी करंट जवळजवळ दुप्पट. एलईडी मरतो तो उष्णतेने, आणि प्लायवुडच्या छताला चिकटवलेल्या पट्टीची उष्णता जायला जागाच नसते.

म्हणून फिटिंग घेताना '१२ व्होल्ट' लिहिलेलं घेऊ नका. '१०-३० व्होल्ट' किंवा '९-३२ व्होल्ट' असा पल्ला लिहिलेलं घ्या. त्याच्या आत ड्रायव्हर असतो, तो एलईडीला ठराविकच करंट देतो. जुनी मिनीबस चोवीस व्होल्टची असेल तर पल्ला छत्तीसपर्यंतचा हवा, कारण ती चार्जिंगला अठ्ठावीसच्या वर जाते.

पण छापलेल्यावरही विश्वास ठेवू नका. सहा एकदम आणू नका, एक आणा आणि तपासा. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून फिटिंगच्या लाल वायरीत मधोमध जोडा. आधी इंजिन बंद ठेवून आकडा घ्या, मग इंजिन चालू करून. तीन वॅटचं चांगलं फिटिंग इंजिन बंद असताना ०.२५ अँपिअर घेईल आणि चालू असताना ०.२१ च्या आसपास उतरेल किंवा फार तर तेवढंच राहील. आकडा वर चढून ०.४ ला जाऊ लागला तर आत नुसता रेझिस्टर आहे. परत करा. दुकानदार "सगळे हेच नेतात" म्हणेल. नेऊ देत.

एक ताकीद. अँपिअर मोजून झाले की मल्टिमीटरची लाल पिन लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. मी एकदा विसरलो आणि तशीच बॅटरीवर टेकवली. ठिणगी, काळं झालेलं टोक आणि मीटरचा फ्यूज गेला. अँपिअरच्या भोकातून मीटर म्हणजे नुसती तार असते.

पट्टी आधीच लावून झालेली असेल तर उपटू नका. लाइनमध्ये व्होल्टेज कमी-जास्त दोन्ही करणारा कन्व्हर्टर टाका आणि पट्टी जोडण्यापूर्वी त्याचा स्क्रू फिरवून १२.० वर लावून घ्या. नुसता कमी करणारा स्वस्तातला लावलात तर रात्री बॅटरी उतरल्यावर उजेड थोडा मंद होईल, पण पट्टी जळणार नाही.

यापुढचं सोपं.

जुन्या बल्बला प्लस-मायनस कळत नाही, एलईडीला कळतं. त्यामुळे आधीच्या वायरमनने रंग कसेही जोडले असले तरी इतकी वर्षं कोणाला पत्ता लागलेला नसतो. माझ्या गाडीत दोन्ही वायरी लाल होत्या. बॅटरी तात्पुरती जोडून प्रत्येक ठिकाणी मीटरने प्लस शोधा, टेपचा तुकडा लावून खूण करा, बॅटरी परत काढा. काही गाड्यांत एकच वायर येते आणि मायनस बॉडीच्या पत्र्यातून घेतलेली असते. तिथला स्क्रू काढून पत्रा पॉलिश पेपरने घासा. रंगावर आणि गंजावर अर्थिंग, म्हणजे मायनस, मिळत नाही.

जोड पिळून वर टेप गुंडाळणं बंद करा. उन्हात टेपचा डिंक वितळतो आणि खंबाटकीच्या उतारावर पिळलेली वायर सुटते. दाबून बसणारे जोड वापरा, वर तापवल्यावर आक्रसणारी स्लीव्ह सरकवून तापवा. सोल्डरचा डाग द्यायचा असेल तर द्या, पण डागाच्या कडेला वायर कडक होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते, म्हणून ती छताला क्लिपने पकडा.

नवी फिटिंग जुन्या भोकांवर सहसा बसत नाहीत. पातळ प्लायचा गोल तुकडा मागे घाला. स्क्रू आखूड घ्या, छतावर सोलर पॅनेल आहे हे विसरू नका.

फ्यूज मात्र बदला. जुन्या दिव्यांसाठी पंधरा अँपिअरचा असतो, आणि "आता लोड कमी झाला, राहू दे" असं सगळे म्हणतात. नव्या फिटिंगच्या वायरी बारीक असतात. त्यातली एखादी पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर पंधराचा फ्यूज उडायच्या आधी ती वायरच पेटेल. सहा दिव्यांना मिळून दीड अँपिअर लागतात, तिथे तीनचा फ्यूज टाका, तोही प्लसवर आणि बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा.

बॅटरी जोडा, दिवे लावा, इंजिन चालू करा आणि रेडिओवर सातारा आकाशवाणी लावा. दिवे लावल्यावर खरखर वाढली आणि बंद केल्यावर थांबली, तर ड्रायव्हरचा आवाज एफएममध्ये शिरतोय. फिटिंगच्या दोन्ही वायरी एकत्र धरून त्यांवर क्लिपची फेराइट कडी बसवा, अगदी फिटिंगला चिकटून. तरीही खरखर राहिली तर एकेक दिवा बंद करत जा. बहुतेक वेळा सहातला एकच गुन्हेगार सापडतो, त्याला दारापाशी टाका, अँटेनापासून लांब.