फार्मसी रेसिडेन्सी: रेकमेंडेशनचं आधी बघा

अमेरिकेत फार्म-डीच्या (फार्मसीच्या डॉक्टरेट डिग्रीच्या) शेवटच्या वर्षाला असाल आणि पीजीवाय-१ ला, म्हणजे डिग्रीनंतरच्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेन्सी ट्रेनिंगला, अप्लाय करायचं असेल तर सीव्हीचे फॉन्ट नंतर बघा, आधी रेकमेंडेशन कोण देणार ते ठरवा. रेसिडेन्सीचे अर्ज भरायचं फोर्कास (PhORCAS) पोर्टल नोव्हेंबरमध्ये उघडतं, बऱ्याच प्रोग्रामच्या डेडलाइन डिसेंबर-एंड ते जानेवारीच्या सुरुवातीला असतात, म्हणजे ऐन सुट्टीत, आणि तेव्हा प्रिसेप्टरच्या (ट्रेनिंगमध्ये शिकवणाऱ्या फार्मासिस्टच्या) मागे लागणं म्हणजे डोक्याला ताप. रोटेशन (त्यांच्या हाताखालची ट्रेनिंगची पाळी) संपायच्या आठवड्यातच तोंडावर विचारून टाका, "स्ट्राँग लेटर देऊ शकाल का?" समोरचा जरा जरी घुटमळला तर थँक्यू म्हणून दुसरा माणूस शोधा, मोठ्या पदापेक्षा तुमचं काम जवळून बघितलेला माणूस कधीही बरा.

मग लेटर देणाऱ्यांना सीव्हीसोबत चार ओळी मेल करा, कुठल्या पेशंटचा व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकचा डोस तुम्ही किडनी फंक्शन बघून बदलायला सुचवला वगैरे, पेशंटचं नाव अजिबात नको. रेकमेंडेशनच्या फॉर्ममध्ये त्यांना तुमच्या कमकुवत बाजूबद्दलही लिहावं लागतं, तेव्हा त्यावर त्यांच्याशी आधीच बोलून घ्या.

लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे हाच प्रोग्राम का हवा ते सांगणारं तुमचं पत्र, प्रत्येक प्रोग्रामला वेगळं. कॉपी-पेस्टमध्ये दुसऱ्याच हॉस्पिटलचं नाव राहिलं की संपलंच. आणि भारतातून फार्म-डी करून गेला असाल तर एफपीजीईसी (परदेशी फार्मसी पदवीधरांसाठीच्या) सर्टिफिकेटचं आधी बघा, त्याला वेळ लागतो.