अमेरिकेतल्या घराचा पूर विमा: खासगी पॉलिसी कशी तपासायची आणि नियम बदलताना म्हणणं कसं मांडायचं

अमेरिकेत घर ठरतं, कर्जाची कागदपत्रं पुढे सरकतात आणि मध्येच बँकेचं पत्र येतं: घर ‘ए’ किंवा ‘व्ही’ अक्षराने सुरू होणाऱ्या पूरक्षेत्रात आहे, पूर विमा काढा. नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीत पूर धरलेला नसतो. एजंट दोन कोटेशनं पुढे ठेवतो. एक एनएफआयपीचं, म्हणजे राष्ट्रीय पूर विमा कार्यक्रमाचं; दुसरं खासगी कंपनीचं, आणि ते बरेचदा स्वस्त असतं. स्वस्त घ्यावं की नाही, हे नुसत्या प्रीमियमवरून ठरवू नका. त्याचं उत्तर तीन कागदांत विभागलेलं आहे: काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा कायदा, सरकारी खात्यांचे नियम आणि फेमा या एनएफआयपी चालवणाऱ्या केंद्रीय आपत्ती खात्याचा विमा कंपन्यांशी असलेला करार. आपली अडचण यांतल्या कोणत्या कागदात आहे हे आधी ओळखा. पॉलिसी निवडताना ते लागतंच, आणि पुढे एखादा नियम बदलायला निघाला तर आपलं म्हणणं कुणाकडे पाठवायचं हेही त्यावरच ठरतं.

कंपनीचं नाव बघून फसू नका

पॉलिसीवर ओळखीच्या विमा कंपनीचं बोधचिन्ह आहे म्हणून ती खासगी पॉलिसी, असा समज सर्रास दिसतो. १९८३ पासून ‘राइट युअर ओन’ नावाची व्यवस्था चालू आहे. तिच्यात खासगी कंपनी आपल्या नावाने पॉलिसी विकते, हप्ते गोळा करते, क्लेमची पाहणी करते. पण भरपाईचा पैसा आणि जोखीम केंद्र सरकारची. या कामासाठी कंपनीला प्रीमियमच्या साधारण ३० टक्के रक्कम मिळते आणि एजंटचं कमिशन त्यातूनच जातं. पॉलिसीचा मजकूर केंद्रीय नियमसंहितेच्या (सीएफआर) ४४ व्या शीर्षकात, भाग ६१ च्या परिशिष्टात छापलेला आहे. कंपनी त्यात स्वतःहून काही बदलू शकत नाही. दरही या सगळ्या कंपन्यांत सारखाच असतो, म्हणून अशा दोन-चार कंपन्यांकडून कोटेशनं मागवण्यात वेळ घालवू नका. क्लेमच्या वेळी फोन उचलणारा एजंट शोधा, त्यात खरा फायदा आहे.

ओळखायचं कसं? डेक्लरेशन्स पेज, म्हणजे पॉलिसीचा गोषवारा देणारं पान, काढा. त्यावर ‘नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्रॅम’ किंवा ‘स्टँडर्ड फ्लड इन्शुरन्स पॉलिसी, ड्वेलिंग फॉर्म’ असं असेल तर ती सरकारी पॉलिसी आहे, मग वर नाव कुणाचंही असो. नसेल तर खासगी.

गोंधळ वाढण्याचं आणखी एक कारण आहे. सरकारी पॉलिसी विकणाऱ्या कंपन्यांना स्वतःचा वेगळा पूर विमा विकायला फेमाच्या करारात पूर्वी बंधन होतं. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या करारातून ते कलम गेलं. त्यामुळे आता एकच कंपनी दोन्ही प्रकार विकू शकते. म्हणून एजंटला थेट विचारा, ‘ही एनएफआयपीची आहे की तुमच्या कंपनीची स्वतःची?’ आणि उत्तर ईमेलवर घ्या.

बँकेला कोणती खासगी पॉलिसी नाकारता येत नाही

आधी रक्कम. कर्जाची उरलेली मुद्दल, एनएफआयपीची कमाल मर्यादा आणि इमारत पुन्हा बांधण्याचा विमायोग्य खर्च, या तिन्हींत जी सगळ्यात कमी ती बँकेची किमान मागणी. एका कुटुंबाच्या घराला एनएफआयपीची मर्यादा इमारतीसाठी अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख. समजा कर्ज ३ लाख १० हजार आणि इमारतीची किंमत २ लाख ८० हजार; मग बँकेला अडीच लाखांचा विमा पुरतो. पण घर पुन्हा उभारायला लागणारे वरचे तीस हजार तुमच्या खिशातून जातील. बँकेची मागणी तिच्या कर्जापुरती असते, तुमच्या संसारापुरती नसते, हे ध्यानात ठेवून रक्कम ठरवा.

मग व्याख्या. २०१२ च्या बिगर्ट-वॉटर्स कायद्याने खासगी पूर विम्याची व्याख्या केली. पॉलिसी त्या व्याख्येत बसली तर केंद्रीय देखरेखीखालच्या बँकेला ती स्वीकारावीच लागते; हा नियम १ जुलै २०१९ पासून लागू आहे. पॉलिसीची पूर्ण प्रत मागवा, नुसतं माहितीपत्रक चालणार नाही, आणि पेन्सिल घेऊन या जागा तपासा.

‘पूर’ या शब्दाची व्याख्या सरकारी पॉलिसीइतकी रुंद हवी. सरकारी व्याख्येत एरवी कोरडी असलेली दोन एकर किंवा अधिक जमीन, किंवा किमान दोन मालमत्ता, ज्यांतली एक तुमची, पाण्याखाली येणं धरलेलं आहे. त्याहून अरुंद व्याख्या असेल तर पॉलिसी तिथेच बाद. ‘इन्क्रीज्ड कॉस्ट ऑफ कम्प्लायन्स’ हे कलम आहे का बघा. पुरानंतर गावाच्या बांधकाम नियमांनुसार घर उचलून घ्यावं लागलं तर सरकारी पॉलिसी या कलमाखाली ३० हजार डॉलरपर्यंत देते. स्वस्त कोटेशनमध्ये नेमकं हेच कलम गळालेलं असू शकतं. डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला तुम्ही स्वतः सोसायचा भाग, सरकारी कमाल मर्यादेच्या वर नको. एक ते चार कुटुंबांच्या घरासाठी ती १० हजार डॉलर आहे. प्रीमियम खाली आणायला १५ किंवा २५ हजारांचं डिडक्टिबल सुचवतात, आणि बँक पॉलिसी परत पाठवते ती त्यामुळेच. कंपनीने पॉलिसी रद्द केली किंवा नूतनीकरण नाकारलं तर तुम्हाला आणि बँकेला ४५ दिवस आधी लेखी सूचना, बँकेचं हित जपणारं मॉर्गेज कलम, आणि क्लेम लेखी नाकारल्यापासून एक वर्षात दावा लावण्याची तरतूद, याही गोष्टी हव्यात.

एवढं सगळं तपासायचा बँकेचा त्रास वाचवणारं एकच वाक्य असतं. पॉलिसीत किंवा तिच्या पुरवणीत ते जसंच्या तसं छापलेलं हवं: ‘धिस पॉलिसी मीट्स द डेफिनिशन ऑफ प्रायव्हेट फ्लड इन्शुरन्स कंटेन्ड इन ४२ यू.एस.सी. ४०१२ए(बी)(७) अँड द करस्पाँडिंग रेग्युलेशन.’ हे वाक्य असलं की बँक पुढची छाननी न करता पॉलिसी स्वीकारू शकते. मात्र ते नाही एवढ्या एकाच कारणावर बँकेने पॉलिसी नाकारणं चूक आहे. तिने मजकूर वाचून ठरवायला हवं. व्याख्येत न बसणारी पॉलिसीसुद्धा बँक स्वतःच्या अखत्यारीत घेऊ शकते. पुरेसं संरक्षण मिळतं असा निष्कर्ष तिला लेखी नोंदवावा लागतो.

कर्ज एफएचएचं, म्हणजे केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या हमीचं असेल तर जपून. तिथे गृहनिर्माण खात्याचा नियम वेगळा आहे. तो २१ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला; त्याआधी खासगी पॉलिसी चालतच नव्हती. त्यातलं वाक्य २४ सीएफआर २०३.१६ए या कलमाचा हवाला देतं, आणि बँकेच्या अखत्यारीतली सवलत तिथे नाही. साध्या कर्जाचं वाक्य छापलेली पॉलिसी एफएचए कर्जाला जोडली की फाईल अडकते.

आणखी एक साधी चूक फार महागात पडते: मॉर्गेजीचं, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव, पत्ता किंवा कर्ज क्रमांक जुना राहणं. कर्जाचं सर्व्हिसिंग, म्हणजे हप्ते गोळा करण्याचं काम, दुसऱ्या कंपनीकडे गेलं की विम्याचा कागद जुन्याच पत्त्यावर जातो, आणि नव्या कंपनीच्या लेखी तुम्ही विनाविमा ठरता. ती सूचना पाठवते आणि ४५ दिवसांत पुरावा मिळाला नाही तर स्वतः महाग विमा काढून खर्च तुमच्या माथी मारते. तसं झालंच तर डेक्लरेशन्स पेज लगेच पाठवा. पुरावा पोहोचल्यापासून ३० दिवसांत दुहेरी काळाचा प्रीमियम परत करणं तिला बंधनकारक आहे.

सरकारी पॉलिसी सोडण्याआधी

खासगी पॉलिसीचे खरे फायदे आहेत. सरकारी पॉलिसी तात्पुरत्या राहण्याचा खर्च देत नाही आणि तळघरातल्या फिनिश केलेल्या भिंती, गालिचा, फर्निचर यांना हात लावत नाही. न्यू जर्सीत तळघराची खोली करून आईबाबांना राहायला दिलेली घरं पुष्कळ आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या उरलेल्या पावसाने रॅरिटन नदी फुगली तेव्हा या भागात पाणी घुसलं. अशा घरांनी तळघराचं कलम आधी वाचावं, दर नंतर बघावा.

पण परतीची वाट बिकट आहे. समजा तुमचा सरकारी प्रीमियम सध्या १,२०० डॉलर आहे आणि पूर्ण जोखमीचा दर ३,००० आहे. बहुतेक राहत्या घरांना वर्षाला १८ टक्क्यांच्या वर वाढ लावता येत नाही, म्हणून पुढच्या वर्षी १,४१६ आणि त्यापुढे १,६७१, असं चढत जातं. मध्ये दोन वर्षं खासगी विमा घेतलात, कंपनीने नूतनीकरण नाकारलं आणि तुम्ही परत आलात, तर सवलतीची साखळी तुटलेली असते. दर थेट ३,००० पासून. कार्यक्रमात सहभागी असलेल्या गावात एनएफआयपी विमायोग्य घराला नकार देत नाही. खासगी कंपनी मात्र एका क्लेमनंतर पाठ फिरवू शकते. म्हणून सवलतीच्या दरात असलेल्या घराने वर्षाला दोन-तीनशे डॉलर वाचवायला सरकारी पॉलिसी सोडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सोडायचीच असेल तर नूतनीकरणाच्या तारखेलाच सोडा, एका दिवसाचीही फट ठेवू नका. नव्या सरकारी पॉलिसीला सर्वसाधारणपणे ३० दिवस थांबावं लागतं.

नियम बदलायला निघतो तेव्हा

वरचं प्रत्येक दुखणं वेगळ्या दारी जातं. बँकेने काय स्वीकारायचं हे बँका आणि कर्जसंस्थांवर देखरेख करणारी पाच केंद्रीय खाती मिळून ठरवतात: ओसीसी, फेडरल रिझर्व्ह, एफडीआयसी, फार्म क्रेडिट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आणि एनसीयूए. एफएचए कर्जाचं गृहनिर्माण खातं ठरवतं. राइट युअर ओन कंपन्यांचे नियम फेमाचे, ४४ व्या शीर्षकाच्या भाग ६२ मध्ये. खासगी कंपनीचा परवाना आणि दर राज्याच्या विमा खात्याकडे. आणि साखळी तुटण्याची अडचण? तिचं मूळ कायद्यात आहे, तेव्हा फेमाला कितीही कळकळीने लिहिलं तरी फेमा ती नियमाने सोडवू शकत नाही. ते पत्र आपल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात जायला हवं. चांगली, कष्टाने लिहिलेली पत्रं चुकीच्या दारात पडून राहतात, म्हणून हे इतकं सांगतो आहोत.

नियम बदलण्याआधी खातं प्रस्ताव प्रसिद्ध करून लोकांचे अभिप्राय मागवतं. फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्राच्या संकेतस्थळावर ‘फ्लड इन्शुरन्स’ शोधून त्या शोधाची ईमेल सूचना लावून ठेवा. प्रस्ताव आला की शेवटून वाचायला सुरुवात करा. शेवटच्या पानांवर नेमकं कोणतं कलम काढलं, कोणतं घातलं ते असतं. ते सध्याच्या कलमाशेजारी ठेवून शब्द जुळवा. मग सुरुवातीच्या विवेचनाकडे वळा. खात्याने लोकांना विचारलेले प्रश्न तिथे असतात आणि त्या प्रश्नांना दिलेलं उत्तर सगळ्यात उपयोगी ठरतं. जुलै २०१९ मध्ये फेमाने कंपन्यांना द्यायच्या रकमेच्या पद्धतीबद्दल अशीच पूर्वसूचना काढून मतं मागवली होती.

अभिप्रायाने खरंच फरक पडतो का? बँकांच्या नियमाकडे बघा. कायदा २०१२ चा, पहिला प्रस्ताव २०१३ चा, दुसरा नोव्हेंबर २०१६ चा, अंतिम नियम फेब्रुवारी २०१९ चा. २०१६ च्या प्रस्तावात विमा कंपनीने प्रत्येक निकष कुठे पूर्ण होतो याचा लेखी गोषवारा द्यायचा, बँकेने तो लेखी पडताळायचा आणि वर ते वाक्यही छापायचं, असं होतं. हे कुणाला झेपणार नाही, असे अभिप्राय आले. अंतिम नियमात फक्त वाक्य उरलं. आज तुमची पॉलिसी एका वाक्यावर मंजूर होते, ती त्यामुळे.

अभिप्राय द्यायला नागरिकत्व लागत नाही. व्हिसावर असलात तरी देता येतो. रेग्युलेशन्स डॉट गव्हवर डॉकेट क्रमांक, म्हणजे प्रस्तावावर छापलेला फाईल क्रमांक, टाका. चौकटीत ५,००० अक्षरं मावतात, जास्त असेल तर फाईल जोडा. इंग्रजीत लिहा, पण साधं. पहिल्या ओळीत कलमाचा क्रमांक, मग त्यातला खटकणारा शब्द, मग तुमच्या बाबतीत तारखा आणि डॉलरसह काय घडलं, आणि शेवटी त्या जागी हवा असलेला मजकूर. ‘कर्जदारांना त्रास होतो’ या वाक्याचं खात्याला काहीच करता येत नाही. ‘पॉलिसी नाकारल्यास बँकेने कारण १५ दिवसांत कर्जदाराला लेखी कळवावं, हे वाक्य या परिच्छेदाच्या शेवटी घालावं’ असं लिहिलं तर खात्याला त्यावर विचार करून उत्तर द्यावं लागतं. महत्त्वाच्या मुद्द्यांना अंतिम नियमाच्या विवेचनात उत्तर देणं खात्यावर बंधनकारक आहे. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकच मसुदा फिरवून शंभर जणांनी पाठवू नये. ही मोजणी नसते. शंभर प्रती म्हणजे एकच मुद्दा. त्यापेक्षा पाच घरांनी आपापले आकडे घालून पाच वेगळे अभिप्राय द्यावेत.

अभिप्राय जगजाहीर होतो. पॉलिसी क्रमांक, कर्ज क्रमांक, सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि घराचा पूर्ण पत्ता जोडपत्रातूनही खोडून टाका. मुदत बहुधा शेवटच्या दिवशी पूर्व किनाऱ्याच्या वेळेने रात्री ११:५९ ला संपते, पण आदल्या दिवशीच पाठवा आणि मिळालेला ट्रॅकिंग क्रमांक जपून ठेवा. अंतिम नियम आला की त्यात लागू होण्याची तारीख बघा. एफएचएच्या नियमात प्रसिद्धी आणि अंमल यांत फक्त एक महिना होता. तुमचं नूतनीकरण त्या तारखेच्या आसपास असेल तर ६० दिवस आधी एजंटकडून पुढच्या पॉलिसीचा पूर्ण मजकूर मागवा आणि पेन्सिल घेऊन पुन्हा पहिल्या पानापासून तपासा.