वणव्यानंतरच्या स्थानिक आरोग्य आणीबाणीला मुदतवाढ कशी द्यावी

कॅलिफोर्नियात वणवा विझला, तरी जळालेल्या वस्तीतली राख विषारीच राहते. म्हणून काउंटीचे (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाचे) आरोग्य अधिकारी राज्याच्या आरोग्य व सुरक्षा संहितेच्या कलम १०१०८० नुसार स्थानिक आरोग्य आणीबाणी जाहीर करू शकतात. ही घोषणा सात दिवसच टिकते. तेवढ्यात काउंटीच्या निर्वाचित पर्यवेक्षक मंडळाने तिला मान्यता दिली, तरच ती पुढे चालते, आणि त्यानंतर तिची गरज उरली आहे का, याचा आढावा मंडळाला किमान दर ३० दिवसांनी घ्यावा लागतो. बोलताना ज्याला आपण मुदतवाढ म्हणतो, ती म्हणजे या आढाव्यात होणारा ठराव.

पहिले काम तारखांचे. मंडळाची बैठक दर दोन आठवड्यांनी होत असेल, तर हा विषय प्रत्येक दुसऱ्या बैठकीत, म्हणजे २८ दिवसांनी घ्यावा. हाताशी दोनच दिवस उरतात, त्यामुळे सुट्टीने किंवा गणपूर्तीअभावी बैठक पुढे गेली, तर मुदत उलटते. नियमित बैठकीची कार्यसूची ७२ तास आधी लावावी लागते, हेही उलट मोजणीत धरावे. शासकीय संहितेच्या कलम ८६३० खालच्या सर्वसाधारण स्थानिक आणीबाणीचा आढावा ६० दिवसांनी असतो. एकाच आगीच्या या दोन घोषणा एकाच फायलीत असल्या, की एकीचा हिशेब दुसरीला लावला जाण्याचा धोका असतो. दोन्ही तारखा वेगळ्या लिहून ठेवाव्यात.

ठराव कोणापुढे जाणार, हेही तपासावे. जानेवारी २०२५ च्या ईटन वणव्यात होरपळलेली अल्टाडेना ही वस्ती लॉस एंजेलिस काउंटीच्या अखत्यारीत येते. शेजारच्या पॅसाडेना शहराला मात्र स्वतःचा आरोग्य विभाग आहे, आणि अशा शहरात निर्णय नगर परिषद घेते.

खरा कस लागतो तो कारणे लिहिताना. मागच्या ठरावातला मजकूर तारीख बदलून पुन्हा चिकटवणे सोपे असते, पण तसा ठराव आढावा घेतल्याची साक्ष देत नाही. जळालेल्या एका घराची जागा डोळ्यांसमोर आणावी : १९७८ पूर्वीच्या रंगातले शिसे, जुन्या फरशीतले आणि पाइपांवरच्या वेष्टनातले ॲस्बेस्टॉस, फुटलेल्या बॅटऱ्या, आणि अंगणातल्या रसायन मुरवलेल्या लाकडी ओट्याच्या राखेतले आर्सेनिक. ही राख वाऱ्याने उडते आणि पावसाने ओढ्यात जाते. म्हणून किती भूखंडांवरचा घातक घरगुती कचरा उचलला गेला, किती ठिकाणचा राडारोडा अजून तसाच आहे आणि किती मालकांनी प्रवेशाची संमती दिलेली नाही, हे आकडे आरोग्य अधिकाऱ्यांच्या ताज्या अहवालातून घेऊन ठरावात मांडावेत.

पाण्याचा परिच्छेद स्वतंत्र असावा. २०१७ च्या टब्ज वणव्यानंतर सँटा रोझात, आणि १८,००० हून अधिक इमारती गिळणाऱ्या नोव्हेंबर २०१८ च्या ‘कॅम्प फायर’ या वणव्यानंतर पॅराडाइज गावात, नळाच्या जाळ्यात बेंझीन हे कर्करोगकारक रसायन सापडले होते. त्याची राज्याने ठरवलेली पिण्याच्या पाण्यातली मर्यादा अब्जात एक भाग आहे. नमुने घेणे संपले नसेल, तर तेवढ्यावरही आणीबाणी चालू ठेवण्याचे कारण उभे राहते.

मसुदा विधी सल्लागारांना दाखवावा. खाजगी जागेतला राडारोडा सरकारी खर्चाने उचलण्यासाठी संघराज्याची मदत मागताना सार्वजनिक आरोग्याला धोका असल्याचे अधिकृतपणे दाखवावे लागते, त्यामुळे आढाव्यातला खंड महागात पडू शकतो. अर्थात परिस्थिती निवळताच शक्य तितक्या लवकर आणीबाणी संपवण्याचे बंधनही कलम १०१०८० मंडळावर घालते. तेव्हा ती कोणत्या टप्प्यावर संपेल, हे प्रत्येक ठरावात लिहावे. आपल्या जागेवर परतायला थांबलेल्या कुटुंबांना त्यावरूनच पुढचा हिशेब मांडता येतो. मंजूर ठरावाची प्रत मंडळाच्या लिपिकांकडे नोंदवावी आणि त्याच दिवशी पुढच्या आढाव्याची तारीख कार्यसूचीत टाकून घ्यावी.